सुनेच्या गणिताचा उपसा

आमच्या घरात बारा वर्षं एक गणित राहिलं. घरचं माणूस राहतं तसं राहिलं. त्याला पडवीच्या कोपऱ्यात जागा होती, पावसात त्याच्यावर आम्ही घोंगडी घालायचो, आणि ते आजारी पडलं की सून नीट जेवायची नाही. त्याला खरं नाव होतं, इंग्रजी. ते मी कधी घेतलं नाही. घरात आम्ही गणितच म्हणायचो. सकाळी चहा घेताना मी विचारायचो, "गणित आज कसा आसा गो?" आणि ती सांगायची, "बरा आसा, मामांनू," किंवा, "रातभर अडकलाहा."

मी स्वतः चौथीत शाळा सोडली. परीक्षेच्या आठवड्यात बांगडा लागला होता आणि होडीवर माणूस कमी होतं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पुढे मी तांडेल झालो. होडी कुठे न्यायची ते मी सांगायचो आणि बाकीचे ऐकायचे. त्यामुळे सांगायची सवय मला आहे. ऐकायची जरा कमी.

सून अठ्ठ्याण्णव साली वालावलीहून आली. बाप प्राथमिक शाळेत मास्तर, पोरगी भरपूर शिकलेली. लग्नानंतर आठवड्याभरात टेंपोतून तिच्या दोन ट्रंका आल्या आणि एक कॉम्प्युटर. वाडीतला तो पहिला. कुंपणापलीकडे माझा चुलतभाऊ राहतो. आम्ही एका आजोबांचे नातू, उभा जन्म एकमेकांना टोचून बोललो आणि एकमेकांशिवाय एक दिवस काढला नाही. तो कुंपणावरून माझ्या बायकोला ओरडला, "वैनी, सुनेन टीव्ही हाडल्यान मा? मगे चित्रां कित्याक दिसणत नाय?"

बायको म्हणाली, "तुमका दाखवूची नाय म्हणान बंद ठेवलीहत."

आता बावीबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. घरामागची आमची बाव आजोबांनी खणली. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण पाणी शहाळ्यासारखं. सगळी वाडी तिच्यावर पाणी भरते आणि कुणाला नाही म्हणायचं नाही, हा आजोबांचा शब्द. अट एकच. वैशाखात पाणी तळाला गेलं की बाव उपसायची, गाळ काढायचा, आणि जो पाणी भरतो त्याच्या घरातलं एक माणूस उपश्याला आलंच पाहिजे. आजारी असेल तर बदली माणूस धाडायचा. उपसून झालं की नव्या पाण्याची पहिली कळशी आमच्या देवाला, आणि राखणदाराला नारळ.

राखणदार म्हणजे जागा राखणारा. त्याला मूर्ती नाही, एक धोंडा आहे. तो मालक नव्हे. मालक आम्ही, राखण त्याची. त्याच्यापुढे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, घालायचा मान माझा. मी उभा राहून बोलतो, बाकीचे मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. चुलतभावाने चिऱ्यांचं कुंपण बांधायला काढलं तेव्हा राखणदाराचा धोंडा नेमका कुंपणाच्या पायाखाली येत होता. मीच गाऱ्हाणं घालून तो उचलला आणि अलीकडे आंब्याखाली बसवला. ते काम कुणीही करू शकत नाही, एवढं सांगून ठेवतो.

सून करते काय, हे मला पहिले काही महिने कळलं नाही. एकदा मी सरळ विचारलं. ती देवघरातला काचेचा दिवा घेऊन आली. त्यात आम्ही खाली पाणी घालतो, वर तेल.

"ह्या बघा, मामांनू. आपल्या जमनीखाली असाच आसा. खाली समुद्राचा खारा पाणी, जड. वर पावसाचा गोडा पाणी तरंगता. वरचा जास्त ओढलास तर खालचा वर येता, आनी बाव खारी होता. किती ओढूचा, खंय ओढूचा, कितक्या वर्सांनी काय होतला, तेचा ह्या कॉम्प्युटरातला गणित."

"आपल्या बावीचा?"

"खंयच्याय बावीचा. जगात खंयचीय."

हे तिच्या कॉलेजातल्या सरांनी सुरू केलेलं. सरांनी म्हातारपणी ते तिच्या हाती दिलं. आणि ते उघडं ठेवलेलं होतं. कुणीही न्यावं, वापरावं, आत उघडून बघावं, कुठे चुकलं असेल तर दुरुस्त करून परत धाडावं. मोल नाही. मुलगा म्हणाला, बाबानू, ह्यात मिळकत काय? तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, त्याला तसं वाटणारच. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या बावीवर तरी कोण काय देतो?

पहिली वर्षं ती गणित कॉम्प्युटरच्या चकत्यांवर भरून टपालाने धाडायची. मग घरच्या फोनातून गणित जायला लागलं. फोन लावला की आतून किंचाळ्या यायच्या. चुलतभाऊ म्हणायचा, "तुझ्या फोनात मांजरा झगडतत काय रे?" संध्याकाळभर फोन गुंतलेला. आमची मासळी उचलणारा व्यापारी फोन करून करून दमायचा आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर माझ्यावर ओरडायचा. मी त्याला सांगितलं, "घरात सुनेचा काम चालू आसता. तू सकाळी फोन कर." घरात मासळीपेक्षा मोठं काम असू शकतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

कुठून कुठून पत्रं यायची, तीही कॉम्प्युटरातच. सुनेने भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि जिथून पत्र येईल तिथे टिकली चिकटवली. टिकल्या माझ्या बायकोच्या. ती कुरकुरायची, "माज्या टिकल्यो सगळ्या जगाक लागल्यो, माका एक उरली नाय," आणि बाजारात गेली की दोन पाकिटं जास्त आणायची. सगळ्या टिकल्या समुद्राच्या काठाकाठाने. बेटं, खाड्या, खाजणं. मी उभा राहून ते बघायचो. आमच्यासारखीच माणसं, पाण्याच्या कडेला घरं केलेली.

पण पत्रांचा सूर मला आवडायचा नाही. ती वाचून दाखवायची. हे चालत नाही, ते अडकलं, लवकर करून द्या. एकाने तर दरडावून लिहिलेलं. ती पोटुशी होती त्या वर्षी, पाय सुजलेले, आणि पाटावर पाय ठेवून त्या माणसाची चूक शोधत बसलेली.

मी विचारलं, "ही माणसा आपल्या गणिताचा पाणी भरतत मा?"

"भरतत."

"मगे उपश्याक कित्याक येणत नाय?"

"मामांनू, ते खंयच्या खंय रवतत."

"लांब रवतत म्हणान काय झाला? बदली माणूस धाडूचो. लिव. मी सांगतंय तसा लिव."

ती हसायला लागली. मी हसलो नाही. मग तिने लिहिलं. मी सांगितलं ते असं: वैशाखात अमक्या रविवारी आमच्याकडे उपसा आहे. जे पाणी भरतात त्यांनी यावं, नाहीतर बदली माणूस धाडावं. घमेली आमची, दोर आमचा, जेवण आमच्याकडे. खाली गावाचं नाव. तिने इंग्रजीत घातलं, आणि मी तिला ते परत मराठीत वाचायला लावलं, काही गाळलं का बघायला. एक वाक्य तिने पदरचं घातलं होतं: येणं जमत नसेल त्यांनी आपापल्या घरी बसून त्या दिवशी गणितातली एकेक चूक काढावी. तेवढं मी चालवून घेतलं.

तो रविवार आला. आम्ही बाव उपसत होतो आणि ती दर थोड्या वेळाने पडवीतून ओरडत होती, "इलो! आनी एक इलो!" लोकांनी खरंच घरी बसून चुका काढल्या होत्या, काढून धाडल्या होत्या. नकाशावर जिथे जिथे टिकली, तिथून तिथून. कुणी विचारलं नाही की वैशाखच का. मी तिला विचारलं, "किती घमेली गाळ?" ती म्हणाली, "भरपूर, मामांनू. दारात ढीग झालोहा." मी ते कुंपणापलीकडे ऐकू जाईल असं मोठ्याने परत म्हटलं.

पुढच्या वैशाखाच्या आधी एका माणसाचं पत्र आलं. त्याचा देश इतका सखल की समुद्र वर आणि माणसं खाली, मध्ये बांध. तो तिथल्या पाण्याच्या खात्यात काम करायचा. सुनेने पत्र दोनदा वाचलं.

"काय म्हणता?"

"मालवणाक इल्यावर फुडे खंयची एष्टी पकडूची, ता विचारता."

तो आला. ताडमाड उंच, चष्मा, उन्हाने शिजलेल्या कुर्लीसारखा लाल झालेला. त्याने आवतण अक्षरशः घेतलं होतं. मीही ते तसंच दिलं होतं, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. सुनेची मात्र धांदल. तिला वाटत होतं, पाहुण्याला खुर्ची द्यावी, कॉम्प्युटर दाखवावा. मी त्याच्या हातात घमेलं दिलं.

चुलतभाऊ कुंपणावर. "ह्यो बावीत मावतलो काय रे? मधी दुमडूचो लागतलो!"

तो मावला. गुडघाभर गाळात उभा राहून त्याने दिवसभर घमेली भरली. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला नाही. पण "वर" आणि "थांब" हे दोन शब्द तो पहिल्या तासात शिकला, उपश्याला तेवढे पुरतात. दुपारी त्याने खालून काहीतरी वर धरलं. पितळेची लोटी. माझ्या बायकोची, लग्नातली. मुलगा रांगत होता तेव्हा तिच्या हातातून बावीत पडलेली, आणि एवढ्या वर्षांच्या उपश्यात कुणाला सापडली नव्हती. तिने ती चिंचेने घासली, त्यात सोलकढी ओतली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती घटाघटा प्यायली. तिने परत भरली. परत प्यायला. "पिऊ दे बिचाऱ्याक," ती म्हणाली, "तेच्या गावात भाताक कढी मिळणा नाय दिसता." मग गाऱ्हाण्याला तो, एक ठोका उशिरा का होईना, "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि आम्ही सगळे शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, खायला बसलो, नारळाच्या रसात.

त्याच्या नंतर गणितवाल्यांपैकी आणखी कुणी बावीत उतरायला आलं नाही. पण वैशाखातला तो रविवार गणिताला लागला तो लागलाच. त्या दिवशी नवं काही करायचं नाही, नुसता गाळ काढायचा. मी सुनेच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचो. कामाचं मला काही कळत नव्हतं, पण तांडेल शेजारी असला की काम होतं.

मग नात शाळेत जायला लागली, आणि सुनेला खारेपाटणच्या कॉलेजात नोकरी लागली. चांगली नोकरी, मीच म्हटलं घे. आठवडाभर तिकडे खोली करून राहायची, शनिवारी एसटीने यायची ती अर्धी झोपेत. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर घोंगडी तशीच राहायला लागली. एक वैशाख गेला, गणिताचा उपसा झाला नाही. दुसरा गेला. बाव उपसली, गणित नाही. नव्या मशिनींवर जुनं गणित चालेना, म्हणून पत्रं आली. मग ती पत्रंही कमी झाली, आणि ते जास्त वाईट होतं.

एका रविवारी दुपारी एका बेटावरून पत्र आलं. त्यांनी गावच्या पंपांचा हिशोब ह्या गणितावर बसवला होता. आता ते चुकीचे आकडे देत होतं. तिने ते मला वाचून दाखवलं आणि मशीन बंद केली.

"मामांनू, माज्याच्यान आता होणा नाय. कोणी घेतल्यान नाय तर ता मरतला."

"कोण घेता?"

"तो उंच. तेका मी विचारलंय. तो म्हणता, घेतंय. पण म्हणता, पयला म्हाताऱ्याक विचार."

मी "नाय" म्हटलं.

"कित्याक?"

"घरचा आसा ता घरात रवतला. परक्याक देवचा नाय."

"तो परको? तुमीच तेका बावीत उतरवलात."

"बावीत उतरवलो. बाव दिली नाय."

तिचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "माका तरी ता खंयसून इला, मामांनू? सरांनी दिल्यानी. सरांची मी कोण होतंय?"

मी उठून बंदरावर गेलो.

तो पाऊस आमच्या घरात फार लांबला. ती शनिवारी यायची, वाढायची, "आमटी देव?" एवढंच विचारायची. मला दिसत होतं की ती माझ्या एका शब्दावर थांबली आहे. ती मला न विचारता देऊ शकली असती. घरात कुणाला कळलंही नसतं. पण ती तशी नव्हती, आणि तो उंच माणूसही तसा नव्हता. आणि मीही माझ्यासारखाच होतो. नात एकदा नकाशापुढे उभी राहून म्हणाली, "आजोबानू, टिकल्यो पडूक लागल्यो." दमटपणाने त्यांचा गोंद सुटत होता. मी दोन-तीन उचलून परत लावल्या. कुठली कुठली होती ते मला आठवलं नाही.

चतुर्थीच्या आधी मी आंब्याखालचं गवत काढत होतो, राखणदाराच्या धोंड्याभोवतीचं. चुलतभाऊ कुंपणाला टेकला. त्याला घरातलं सगळं माहीत होतं, बायकांमधून त्याच्यापर्यंत सगळं पोचायचं.

"तुझा गणित खाटल्याक लागला म्हणतत."

"तुका काय करूचा?"

"माका काय करूचा नाय. पण एक सांग. माज्या कुंपणाच्या येळाक ह्यो धोंडो कोणी हलवल्यान?"

"मी."

"मगे? तेवा बाव आटली? राखणदार तुझो परको झालो? धोंडो हललो, राखण चालू आसा." तो थांबला. मग त्याला राहवलं नाही. "तुका देवाक हलवूक येता मेल्या, आनी एक गणित हलवूक येणा नाय?"

त्याचं खरं आहे असं त्याला कधी म्हणायचं नाही, म्हटलं तर तो चढतो. गवत काढून झालं, हात धुतले, आणि त्या शनिवारी सून एसटीतून उतरली तेव्हा मी फाट्यावर उभा होतो. तिची पिशवी घेतली. चालता चालता म्हटलं, "वैशाखात येवक सांग तेका. पण गाऱ्हाणा घालतलो मी. नुसता पत्रान देवचा नाय."

घर येईपर्यंत ती पदराने डोळे पुसत होती, आणि मी समुद्राकडे बघत चाललो होतो.

दोन हजार दहाच्या वैशाखात तो परत आला. केस थोडे गेलेले, उंची तेवढीच. आधी बाव उपसली. ह्या वेळी मी त्याला वर दोरावर ठेवला, पण तो ऐकेना, खाली उतरलाच. दुपारी पहिली कळशी देवापुढे ठेवली, आणि सगळे आंब्याखाली जमलो. मी नारळ घेऊन उभा राहिलो. माझ्या उजव्या हाताला सून, डाव्याला तो, मागे वाडी.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज सगळ्यांनी मिळान बाव उपसली. काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या सुनेन बारा वर्सां एक गणित राखल्यान. तेका तुझ्या बावीसारख्या उघडा ठेवल्यान, कोणाक नाय म्हणाक नाय. आता तिचे हात दुसऱ्या कामात गुंतले. आजपासून ह्या लांबच्या लेकरान ता राखूचा. तेच्या हाताक यश दे. तेच्या घराक, तेच्या बांधाक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" आणि एक ठोका उशिरा, डावीकडून एकट्याचा, "व्हय म्हाराजा."

आता गाऱ्हाण्यात मालकाचं नाव घ्यावं लागतं. जे राखायचं ते कुणाचं, हे राखणदाराला सांगावं लागतं. बावीच्या गाऱ्हाण्यात मी दर वर्षी म्हणतो, ह्या बावीचे मालक आमच्या घरची लेकरां. ते जिभेवर बसलेलं आहे. "ह्या गणिताचे मालक," असं मी म्हणालो आणि अडकलो. उभ्या आयुष्यात गाऱ्हाण्यात मी अडकलो नव्हतो. सर म्हणू? सून म्हणू? आमचं घर म्हणू? तोंडात तेच होतं, आमचं घर. सुनेकडे बघितलं तर ती खाली मान घालून उभी. तिने काही सुचवलं नाही. सुचवलं असतं तर मी ते नक्की म्हटलं नसतं.

माणसं चुळबुळायला लागली. खोटं त्या धोंड्यापुढे बोलता येत नाही.

"ह्या गणिताचे मालक," मी म्हणालो, "जे जे तेचा पाणी भरतत, आनी उपश्याक येतत, ते सगळे."

असं गाऱ्हाणं वाडीने ऐकलं नव्हतं. मग कुंपणापलीकडून, माझ्या गाऱ्हाण्याला कधी तोंड न उघडणारा चुलतभाऊ मोठ्याने ओरडला, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळे.

मी नारळ फोडला. आम्ही पडवीत गेलो. सुनेने घोंगडी काढली, मशीन चालू केली, आणि ती आणि तो शेजारी शेजारी बसून काहीतरी करत राहिले. मी मागे उभा. शेवटी तिने एक बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले.

"झाला?"

"झाला, मामांनू. आता तेच्याकडे."

"म्हणजे हयसून गेला?"

"खंय जातला? ह्या बघा." तिने मला खुर्चीत बसवलं. गणित होतं तिथेच होतं, तसंच्या तसं. मी पडद्याला बोट लावून बघितलं.

तेवढ्यात तो उंच माणूस तिला काहीतरी विचारायला लागला. हाताने घमेल्याची खूण करत होता.

"मामांनू, तो विचारता, फुडल्या वैशाखाचा आवतण आता तो लिवतलो. तेच्या गावाचा नाव घालू काय? आनी दोर, घमेली कोणाची म्हणू?"

"घमेली आमची," मी म्हटलं. "दोर आमचो. गाव हयच. राखणदार हललो, बाव हलूक नाय. सांग तेका."

तिने सांगितलं. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. आतून बायको ओरडली, शिरवाळे थंड होतत, आणि त्या लांबड्याची लोटी भरून ठेवलीहा, पयला ती पिवा म्हणावं.